कळंबला दाखवलेलं स्थळ

आईचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांच्या दंडाला रबर बांधून त्यांची शीर शोधत होतो. यवतमाळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. सकाळी लोकांचं रक्त काढायचं आणि दुपारभर मशीनपुढे बसायचं, हे माझं काम. आजोबांना कापूस धरायला लावला, खुर्चीवरून उठवलं आणि मग आईला उलट फोन केला.

"येत्या चतुर्थीले सुट्टी काढ," ती म्हणाली. "कळंबले जाऊ."

"काहून? नवस हाये का?"

"नवस नाही. एक जण भेटाले येऊन राह्यले." मधे बराच वेळ काही नाही. मुकुटबनला आमच्या घरात फोनला रेंज दाराशीच मिळते, त्यामुळे मला वाटलं ती आत गेली. मग आवाज आला. "तू एकदा पाहून घे. तुले पटलं तरच पुढचं ठरवू. अन् नीट कपडे घालून ये. ते गुडघ्यावर फाटलेलं नको."

आता याचा अर्थ कोणीही काय लावेल? मी तीस वर्षांचा. चार वर्षांपासून माझ्यासाठी मुली पाहणं चालू होतं आणि चारही वर्षं तेच उत्तर येत होतं: मुलगा चांगला आहे, पण सरकारी नाही. एका ठिकाणी तर चहा येण्याच्या आधीच उत्तर आलं होतं. त्यामुळे कोणी स्वतःहून भेटायला येतंय, तेही कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या दारी, हे ऐकून मी त्या दिवशी दोन रिपोर्टवर एकाच पेशंटचं नाव टाकलं. वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं.

आठवडाभर मी तयारी केली. आकाशी रंगाचा शर्ट घेतला. कटिंगला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "भाऊ, फेशियल करून टाका, चेहरा खुलते." चेहरा खुलला नाही, लाल झाला, आणि दोन दिवस तसाच राहिला. आरशासमोर उभं राहून मी उत्तरं पाठ करत होतो. पगार किती, शेती किती, व्यसन काय. खोटं बोलायचं नाही, पण पगाराचा आकडा सांगताना घाई करायची, असं ठरवलं.

आदल्या संध्याकाळी आई माझ्या खोलीवर आली. सोबत मावशी होती. मावशी म्हणजे सख्खी नव्हे. आई मुकुटबनला अंगणवाडी सेविका आहे आणि मावशी तिथलीच मदतनीस. खिचडी मावशी शिजवते, रजिस्टर आई भरते, आणि दोघींचं एकमेकींशिवाय पान हलत नाही. त्या रात्री दोघी स्वयंपाकाच्या ओट्याशी कुजबुजत होत्या आणि मी आत गेलो की गप्प होत होत्या. मावशीला हसू आवरत नव्हतं. मी समजून गेलो, मुलगी चांगली दिसायला असणार.

सकाळी आईने मोरपंखी साडी नेसली. ही साडी मी कधी पाहिली नव्हती. मग तिने पिशवीतून गजरा काढला, हातात धरला, परत पिशवीत ठेवला. मावशीने तो काढून तिच्या अंबाड्याला खोचला.

मी बारा वर्षांचा असताना बाबा काविळीने गेले. तेव्हापासून आईच्या डोक्यात फूल मी पाहिलेलं नव्हतं. पण मला काय वाटलं? मला वाटलं, वरमाय होण्याची हौस. मी म्हणालोसुद्धा, "छान दिसून राह्यली." आई इतकी लाजली की मलाच अवघडल्यासारखं झालं.

कळंबच्या गाडीत चतुर्थीची गर्दी होती. आईला आणि मावशीला अर्धं तिकीट, मला पूर्ण. मावशी म्हणाली, "याचंही अर्ध करा जी, याचं अर्ध अंग अजून यायचं हाये." कंडक्टर हसला, मागच्या सीटवरच्या बाया हसल्या, मी खिडकीबाहेर कापसाने लादलेल्या गाड्या पाहू लागलो. आई मात्र हसली नाही. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. कळंबपर्यंत तेच.

देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दुर्वांच्या जुड्या, जास्वंद, नारळ आणि पेढे. एका पेढ्याच्या दुकानापाशी एक गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, काळी पँट, हातात मिठाईचा डबा. केसांना नुकताच डाय लावलेला होता आणि तो थोडा डाव्या कानालाही लागला होता. आम्हाला पाहताच त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला आणि नमस्कार करायला गेले तेव्हा तो पडता पडता वाचला.

"हे ते," आई म्हणाली. एवढंच.

मी त्यांच्या मागे पाहिलं. मुलगी नव्हती. आणखी मागे पाहिलं. पिवळ्या ड्रेसमध्ये एक मुलगी होती, पण ती नारळवाल्याशी भांडत होती आणि तिच्या कडेवर लेकरू होतं. मी ठरवलं, मुलगी देवळात असणार किंवा आधी वडील एकटेच पाहून जाणार. शहाणी माणसं असं करतात.

"तुमी दोघं बसून बोला," मावशी म्हणाली. "आमी दुर्वा पाहतो." आणि आईचा दंड धरून ती तिला ओढत घेऊन गेली.

शेजारीच चहाचं हॉटेल होतं. काकांनी, मी त्यांना मनात काका म्हणायला लागलो होतो, खिशातून रुमाल काढून बाकडं पुसलं आणि मला म्हणाले, "बसा जी."

"नाही, तुमी बसा."

"तुमी आधी."

शेवटी दोघं एकाच वेळी बसलो. बाकडं एका बाजूने उचललं गेलं आणि आम्ही दोघंही परत उठलो. मग नीट अंतर ठेवून बसलो.

"आपण काय करता?" त्यांनी विचारलं.

"लॅबमध्ये आहे. लोकांचं रक्त काढतो."

"पुण्याचं काम हाये," ते गंभीरपणे म्हणाले.

मला धीर आला. "पगार फार नाही," मी पाठ केलेलं म्हणून टाकलं. "पण महिन्याच्या महिन्याला येतो. मुकुटबनला तीन एकर आहे, पऱ्हाटी असते, कापूस बरा होतो. व्यसन कोणतंच नाही."

त्यांनी मान हलवली आणि घसा साफ केला. "मलेही नाही जी. तंबाखू होती, तीन वर्षं झाली, सुटली. मी एसटीत कंडक्टर होतो, मागच्या वर्षी रिटायर झालो. पांढरकवड्याले दोन खोल्यांचं घर हाये, स्वतःचं. नळ हाये. स्वयंपाक मले येते. पोळ्या गोल होत नाहीत, बाकी सगळं जमते."

मुलीच्या वडिलांनी स्वतःच्या पोळ्यांबद्दल का सांगावं, हे मला कळलं नाही. पण माणूस मोकळा वाटला. असा सासरा मिळायला नशीब लागतं, असंही वाटलं.

"एक गोष्ट लपवत नाही," ते पुढे म्हणाले. "शुगर बॉर्डरवर हाये."

"त्यात काय," मी म्हणालो. "उपाशीपोटी या एकदा, मी टेस्ट करून देतो. काळजी घेतली तर काही होत नाही."

या वाक्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, हा माणूस फारच हळवा आहे.

"बाई गेली त्याले सात वर्षं झाली," ते म्हणाले. "लेकरूबाळ नाही. तुमच्या आईले मी कधी तरास होऊ देणार नाही. हे मी इथं, देवाच्या दारी सांगून राह्यलो."

आईला त्रास नाही म्हणजे सून सासूशी नीट वागेल, असं मी धरलं. लेकरूबाळ नाही, हे शब्दही माझ्या कानात शिरले. पण डोक्यापर्यंत पोचले नाहीत. पोचले असते तर मुलगी कुणाची, हा प्रश्न पडला असता. मला वाटलं पुतणी असेल, भाची असेल. माझ्या डोक्यात आकाशी शर्ट, लाल चेहरा आणि चार वर्षांचे नकार एवढंच होतं.

"मंग तुमची काही हरकत?" त्यांनी विचारलं.

"माझी कसली हरकत?" मी म्हणालो. "आईले पसंत असन तं मले पसंत. तुमी म्हणान तेव्हा तारीख काढू." आणि घरच्या संस्काराप्रमाणे वाकून मी त्यांच्या पाया पडलो.

मी मान वर केली तेव्हा आई समोर उभी होती. दुर्वांची जुडी हातातून खाली पडली होती आणि तिने उचलली नव्हती. एका हाताने तिने तोंड झाकलं होतं. ती रडते आहे की हसते आहे, मला कळेना. काकांनी रुमाल काढला. मघाशी त्याच रुमालाने बाकडं पुसलं होतं, आता त्यांनी त्यानेच डोळे पुसले आणि गालावर धुळीचा एक पट्टा आला. मावशी म्हणाली, "चला, आधी देवाले सांगू," आणि आम्ही रांगेत लागलो.

कळंबचा चिंतामणी जमिनीच्या खाली आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं. बाहेर कितीही ऊन असो, खाली थंड लागतं. मधे कुंड आहे. कित्येक वर्षांनी एकदा त्याचं पाणी चढत चढत देवाच्या पायांपर्यंत येतं आणि मग उतरतं, असं लोक सांगतात. चतुर्थीला रांग पायऱ्यांवरून मुंगीच्या पावलाने उतरते.

काका पुढे होते. त्यांच्यामागे आई, मग मावशी आणि शेवटी मी. पाच मिनिटं रांग जागची हलेना. मग सवय उफाळून आली असावी.

"पुढं सरका, पुढं सरका," ते मोठ्यांदा म्हणाले. "मधे जागा हाये. पायरीवर थांबू नका. बाई, ते लेकरू इकडून घ्या."

आणि लोक सरकलेसुद्धा! सगळा जिल्हा आयुष्यभर कंडक्टरचं ऐकत आला आहे, तो आवाज कुठूनही आला तरी पाय हलतात. एका म्हाताऱ्याने तर विचारलं, "देऊळ किती वाजता लागते जी?" आईच्या खांद्यांकडे पाहून मला कळलं की ती हसते आहे. माझी आई रांगेत उभी राहून हसते आहे, हे मी पहिल्यांदा पाहत होतो.

मी मावशीच्या कानाशी वाकलो. "मावशी, मुलगी कुठं हाये?"

"कोणती मुलगी?"

"जिची भेट हाये ती. काकांची पुतणी की कोण ती."

मावशीने मान वळवली. माझ्या शर्टाकडे पाहिलं, माझ्या लाल चेहऱ्याकडे पाहिलं. तिचे डोळे हळूहळू मोठे झाले. "अवो माय," ती म्हणाली, आणि तिथंच पायरीवर मटकन बसली. दोन्ही हातांनी पोट धरलं.

"मुलगी नाही रे बाबू," तिला श्वास पुरत नव्हता. "मुलगी तुह्यी माय हाये!"

मागून लोक ढकलत होते. पुढून काकांचा आवाज आला, "कोण बसलं तिथं? पायरी मोकळी करा!"

मला परत फिरता येईना. रांग मला घेऊन खालीच चालली होती. पगार फार नाही, पण महिन्याच्या महिन्याला येतो. हे मी कोणाला सांगितलं? व्यसन कोणतंच नाही. हे मी कोणाला, कशासाठी सांगितलं? आणि तो माणूस मला काय सांगत होता? नळ आहे. पोळ्या गोल होत नाहीत. अरे देवा, तो मला स्वतःला दाखवत होता! आम्ही दोघं नवरदेव त्या एकाच बाकड्यावर बसून एकमेकांना पसंत पडायचा प्रयत्न करत होतो.

रागही आला, खोटं कशाला बोलू. पाचेक पायऱ्यांपुरता आला. आईने सांगायला नको होतं? मला काय समजते ती? पण सहाव्या पायरीवर मला बाकडं उचलल्याचं आठवलं, आणि हसू पोटातून असं काही वर आलं की दाबताच येईना. गाभाऱ्यात पोचलो तेव्हा माझे डोळे वाहत होते. पुजाऱ्यांनी माझ्याकडे पाहून गंध लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "रडू नका. देव सगळं पाहतो." यावर मला आणखी हसू आलं. चिंतामणीच्या समोर मी काहीच मागितलं नाही. मला उभंच राहता येत नव्हतं.

कुंडाच्या कडेला जरा जागा होती. तिथे आई बसली होती. मावशीने तिला सांगितलं होतं, हे तिचा चेहरा पाहूनच कळलं. ती पांढरी पडली होती.

"तुले माहीतच नव्हतं?" ती म्हणाली.

"तू म्हणे पाहून घे. मले वाटलं मुलगी पाहून घे."

"मले सांगता येईना. म्या म्हटलं मावशी सांगन."

"अन् मले वाटलं तू सांगतलं," मावशी म्हणाली. एरवी गावभराच्या गोष्टी सांगणारी ही बाई, नेमकी हीच तिच्याकडून राहिली.

"मंग तू पाया पडला ते..." आईचं वाक्य पुरं झालं नाही. "जाऊ दे. आपण घरी जाऊ. मी त्यायले सांगतो, जमत नाही म्हणून."

मी तिच्या शेजारी बसलो. पाण्यात कोणीतरी टाकलेलं जास्वंद फिरत होतं. मग तिने थोडं थोडं सांगितलं. दर महिन्याच्या मीटिंगला ती मुकुटबनहून पांढरकवड्याला जायची. हातात रजिस्टरांचं गाठोडं. गाडी कितीही भरलेली असो, हा कंडक्टर ते गाठोडं स्वतःच्या सीटवर ठेवून घ्यायचा आणि उतरताना आठवणीने द्यायचा. वर्षानुवर्षं एवढंच. तिकीट, गाठोडं, आणि "सांभाळून उतरा". मागच्या वर्षी एकदा गाठोडं देताना तो म्हणाला, "बाई, आज माही शेवटची फेरी." आणि माझी आई, जी परक्या माणसाशी चार शब्द बोलत नाही, ती म्हणाली, "मंग फोन नंबर द्या." नंतर रोज सकाळी फुलांचे, देवांचे फोटो. मग जेवलात का. मग फोन. मावशीच्या घराच्या मागे जाऊन बोलायची, कारण आमच्या दाराशी बोललं तर सगळं गाव ऐकतं.

"आई," मी विचारलं, "तुले हे पायजेत का?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. फुलाकडे पाहत राहिली.

"हाव," ती म्हणाली.

अठरा वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवेना. एक साडीसुद्धा नाही. तेवढ्यात मावशीला परत हसू फुटलं, त्यामुळे मला धड रडताही आलं नाही.

वर आलो तेव्हा काका चपलांपाशी उभे होते. आमच्या चौघांच्या चपला त्यांनी जोडीने लावून ठेवल्या होत्या. मावशीने त्यांनाही खालीच सांगितलं असावं. चेहरा उतरला होता, गालावरचा धुळीचा पट्टा तसाच होता.

"तुमचा गैरसमज झाला जी," ते म्हणाले. "तुमी पाया पडले ते मी धरत नाही. तुमचं मन नसन तं मी इथूनच गाडी धरतो."

मी पुष्कळ काही बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून भलतंच निघालं. "गाडी कशाले? उद्या सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये या. शुगर पाहू. मंग ठरवू."

त्यांना कळायला एक क्षण लागला. मग ते असे हसले की डाय लावलेले केस, इस्त्रीचा शर्ट, सगळं विसरले. त्यांनी डबा उघडला आणि पहिला पेढा माझ्या तोंडात कोंबला. मला चतुर्थीचा उपास नव्हता, आणि असता तरी चालून गेलं असतं.

पुढचे दोन तास आम्ही कळंबात जत्रेतल्या पोरांसारखे फिरलो. साबुदाण्याची उसळ खाल्ली, वरून दही घेतलं. चौघांचा फोटो काढताना काका प्रत्येक वेळी डोळे मिटायचे. सातव्या फोटोत त्यांचे उघडे आले तर मावशीचे मिटलेले. एका बांगडीवालीपाशी आई थबकली. मी म्हणालो, "घे."

बांगडीवालीने हिरव्या बांगड्या काढल्या. "मुलाचं लग्न का जी?"

आईने पदर सारखा केला. मावशी म्हणाली, "हिचंच हाये."

बांगडीवालीचा हात थांबला. तिने आईकडे नीट पाहिलं, कपाळाकडे, गजऱ्याकडे, मागे डबा धरून अवघडलेल्या काकांकडे. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तिने आईचा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि बांगड्या चढवू लागली. हात कडक, बांगड्या लहान, दोन फुटल्या. "सैल सोड बाई हात," ती म्हणाली, "किती घाबरतं." शेवटी दोन बांगड्या जास्तीच्या चढवल्या. "ह्या माह्याकडून."

नंतर सगळंच काही हसण्यासारखं झालं नाही. गावात बाबांच्या सख्ख्या भावाने दोन महिने आमच्याशी बोलणं टाकलं. अंगणवाडीत एक बाई आपलं लेकरू घ्यायला आली आणि उंबऱ्यावरूनच नको ते बोलून गेली. आईने त्या रात्री मला फोन करून विचारलं, "थांबवू का?" मी नाही म्हणालो. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "बाईले वाटन तसं." आईने थांबवलं नाही. यवतमाळच्या लग्न नोंदणीच्या ऑफिसात एका मंगळवारी लग्न झालं. साक्षीदार मी, मावशी आणि लॅबमधला माझा सहकारी. सही झाल्यावर काकांनी पेन कानावर खोचलं आणि आता "किती सीट?" असं विचारतात की काय, असं मला वाटून गेलं. शुगर नॉर्मल आली होती.

अंगणवाडी असल्यामुळे राहायला ते मुकुटबनलाच आले. माझं अजून जमलेलं नाही. आकाशी शर्ट मी आता कामावर घालतो.

या संक्रांतीला आईचा फोन आला. अंगणवाडीत दर वर्षी बायांचं हळदीकुंकू व्हायचं. सतरंज्या घालायची ती, तिळगूळ वाटायची ती, हिशेब लिहायची ती, फोटोत शेवटी उभी राहायची ती. कुंकू लावायला मात्र तिच्यापुढे कोणी येत नसे आणि तीही कोणाच्या पुढे जात नसे. यंदा शेजारची म्हातारी सकाळीच येऊन आमंत्रण देऊन गेली. मग दुसरीकडून आलं, मग तिसरीकडून. आई सात घरी जाऊन आली होती. वाणात काय काय मिळालं ते ती मला मोजून सांगत होती, प्लास्टिकचे डबे तीन, चाळणी एक, कंगवा, साबणाची डबी, आणि एका घरून नुसतीच बोरं. तिला बोलताना दम लागत होता आणि मधे मधे हसू येत होतं.

"सातव्या घरी तं मले चालवेना," ती म्हणाली. "कपाळावर इतकं कुंकू झालं, नाकावर उतरून राह्यलं. थांब, आठव्या घरून बोलावणं आलं वाटते," आणि तिने फोन ठेवून दिला.